स्टॉकर्ट थ्री-टी हीटर-कूलर: तापमानात पास, हवेत नापास

निकाल आधीच सांगून टाकतो. बायपासवर, म्हणजे हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर असलेल्या रुग्णाचं रक्त थंड आणि गरम करण्याचं काम स्टॉकर्ट थ्री-टी चोख करतं. पण हे यंत्र ओटीच्या (शस्त्रक्रियागृहाच्या) आत, टेबलापासून हाकेच्या अंतरावर उभं करून वापरायचं असेल आणि ते सप्टेंबर २०१४ पूर्वी बनलेलं असेल, तर आमच्या लेखी ते नापास आहे. टाकीत कितीही औषध ओता, या निकालात फरक पडत नाही, कारण खरी खोट पाण्यापेक्षा हवेत आहे.

यंत्र ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात. हृदय थांबवून शस्त्रक्रिया करताना रक्त हार्ट-लंग मशीनच्या ऑक्सिजनेटरमधून फिरवलं जातं. ऑक्सिजनेटरमध्ये हीट एक्स्चेंजर असतो. त्याच्या भिंतीच्या एका बाजूने रक्त जातं आणि दुसऱ्या बाजूने हीटर-कूलरने पाठवलेलं थंड किंवा गरम पाणी. दोन्ही एकमेकांना शिवत नाहीत. हृदय शांत ठेवणाऱ्या कार्डिओप्लेजियासाठी वेगळं सर्किट असतं आणि रुग्णाच्या अंगाखालच्या वॉटर ब्लँकेटलाही पाणी इथूनच मिळतं. चाकांवरचा, घरघरणारा, कपाटाएवढा डबा. आत टाक्या, पंप, कॉम्प्रेसर आणि एक पंखा. या पंख्याकडे पुढे येऊच.

थ्री-टी म्युनिकला बनतं. जुन्या यंत्रांवर सोरिनचं नाव दिसेल. २०१५ मध्ये सोरिन आणि सायबरॉनिक्स एकत्र येऊन लिव्हानोव्हा झाली, म्हणून नव्यावर ते नाव. हे कुठल्या कोपऱ्यातलं यंत्र नव्हे. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०१६ मध्ये सांगितलं होतं की तिथे हीटर-कूलर लावून वर्षाला अडीच लाखांहून जास्त शस्त्रक्रिया होतात आणि त्यांतल्या सुमारे ६० टक्क्यांत याच जातीची यंत्रं वापरली जातात.

तापमानाचं काम वाटतं तितकं सोपं नाही. रुग्णाला परत गरम करताना, शरीर ३० अंशांच्या वर आलं की ऑक्सिजनेटरमधून निघणारं रक्त आणि शिरेतून परतणारं रक्त यांत ४ अंशांहून जास्त फरक नको. वेग मिनिटाला अर्ध्या अंशाच्या आत हवा. निघणारं रक्त ३७ च्या वर जाऊ द्यायचं नाही, नाहीतर मेंदूला तापाचा फटका बसतो. म्हणजे पाण्याचं तापमान सांगितल्याबरोबर बदललं पाहिजे आणि सांगितलं तिथेच थांबलं पाहिजे. इथे थ्री-टीला आम्ही पैकीच्या पैकी देऊ.

आता पंखा. कॉम्प्रेसरची उष्णता बाहेर टाकायला तो हवाच. पण टाक्या हवाबंद नाहीत. पाणी ढवळलं जातं, त्यावर बुडबुडे येतात आणि फुटतात, प्रत्येक बुडबुड्यातून डोळ्यांना न दिसणारे तुषार उडतात. झाकणाच्या फटींतून ते बाहेर आले की पंख्याचा झोत त्यांना उचलून खोलीत फेकतो. पाण्यात जंतू असतील तर तुषारांतही असतात. छाती उघडी असते, कृत्रिम झडप ट्रेवर मांडलेली असते, शस्त्रक्रिया चार-पाच तास चालते. पाणी रक्ताला शिवत नाही हे खरं असूनही उपयोगाचं ठरत नाही, ते असं.

वरून लॅमिनार फ्लो, म्हणजे छतातून सरळ खाली येणारा शुद्ध हवेचा पडदा आहे, मग काय बिघडतंय, असा प्रश्न हमखास येतो. तो पडदा शांत हवेत काम करतो. यंत्राच्या झोताने त्याखालची हवा ढवळली की पडदा फाटतो. स्वित्झर्लंडमध्ये यंत्राजवळ धूर सोडून हे तपासलं गेलं, तेव्हा अतिशुद्ध हवेच्या छताखाली काही सेकंदांत धूर पोहोचला. आपल्याकडेही ही चाचणी सहज करता येते. रुग्ण नसताना एसी, दिवे, यंत्र सगळं नेहमीसारखं चालू ठेवा, पंख्याच्या तोंडाशी धुराची कांडी धरा आणि धूर टेबलाकडे जातो का ते मोबाइलवर चित्रित करा. ओटीच्या दुरुस्तीसाठी पैसे मागायचे असतील तर व्यवस्थापनाला दाखवायला याहून चांगला पुरावा नाही.

हा सगळा प्रकार उघडकीला आला झ्युरिकमध्ये. २००८ ते २०१२ या काळात हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या सहा रुग्णांना मायकोबॅक्टेरियम कायमेरा या जंतूचा संसर्ग झाला होता आणि लक्षणं दिसायला दीड ते साडेतीन वर्षं लागली होती. हा जंतू क्षयाच्या जंतूचा लांबचा भाऊबंद. माती-पाण्यात राहतो, फार हळू वाढतो, त्याच्या भोवती मेणचट भिंत असते. क्लोरिनला तो दाद देत नाही. नळीच्या आतल्या बाजूला बायोफिल्मचा बुळबुळीत थर करून त्यात दडून बसतो. पुढे युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलियातून असेच रुग्ण समोर आले. जंतूंची जनुकीय कुंडली मांडल्यावर वेगवेगळ्या देशांतले रुग्ण, रुग्णालयांतली यंत्रं आणि म्युनिकच्या कारखान्यातले नमुने एकमेकांशी जुळले. बऱ्याच यंत्रांत जंतू कारखान्यातूनच आला होता. कंपनीने २०१४ मध्ये बनावटीतली निर्जंतुकीकरणाची आणि वाळवण्याची पद्धत बदलली. सप्टेंबर २०१४ ही तारीख त्यामुळे महत्त्वाची. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामकाने त्याआधीची यंत्रं छाती उघडून होणाऱ्या शस्त्रक्रियांतून काढण्याचा जोरदार सल्ला दिला. २०१९ मध्ये कंपनीने अमेरिकेतले खटले मिटवायला २२ कोटी ५० लाख डॉलरपर्यंत रक्कम मान्य केली.

धोका किती? ज्या रुग्णालयात असा एक तरी रुग्ण सापडला आहे तिथे शंभरात एक ते हजारात एक, असा सीडीसीचा अंदाज होता. झडप, महाधमनीचा ग्राफ्ट (कृत्रिम नळी) किंवा एलव्हीएडी (हृदयाला मदत करणारा पंप) बसवलेल्यांना जास्त. आकडा लहान आहे, पण संसर्ग झालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावले, त्यामुळे तो झटकून टाकता येत नाही. तरी या भीतीने गरजेची शस्त्रक्रिया पुढे ढकलू नये, हेही तितक्याच ठामपणे सांगतो. पंपाशिवाय, धडधडत्या हृदयावर झालेल्या बायपासमध्ये ऑक्सिजनेटरच नसतो. मात्र तेव्हाही अंगाखालचं ब्लँकेट याच यंत्राला जोडलेलं असेल तर पंखा चालूच असतो, हे लोक विसरतात.

आता साफसफाई, म्हणजे या यंत्राची सगळ्यांत किचकट बाजू.

पहिला प्रश्न पाणी कुठलं. नळाचं नाही. निर्जंतुक पाणी, किंवा ०.२२ मायक्रॉन वा त्याहून बारीक फिल्टरमधून आलेलं पाणी. आपल्याकडे चूक होते ती पुढच्या पायरीला: डायलिसिससाठी आरओ प्लांट आहेच, त्याचंच पाणी वापरू. एफडीएने आरओचं आणि डीआयोनाइज्ड पाणी नको असं स्पष्ट सांगितलं आहे, कारण खनिजं काढलेलं पाणी यंत्रातल्या धातूच्या भागांना गंजवतं. गंजलेला, खरबरीत पृष्ठभाग म्हणजे बायोफिल्मला बसायला आयती जागा. जंतू टाळण्याच्या नादात आपण त्यांना घर बांधून देतो. थंड करायला बर्फ घालत असाल तर तोही अशाच फिल्टरच्या पाण्याचा हवा. कँटीनच्या आइस मशीनचा बिलकूल नको. बोस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयात हृदय शस्त्रक्रियेच्या चार रुग्णांना मायकोबॅक्टेरियम अब्सेसस झाला आणि त्यांतले तिघे गेले. २०२३ मध्ये छापून आलेल्या तपासात बोट गेलं ते वॉर्डातल्या बर्फ-पाण्याच्या यंत्राकडे. त्याला जोडलेल्या शुद्धीकरण यंत्रणेतला कार्बन फिल्टर पाण्यातलं क्लोरिन काढून टाकत होता. तिथे हीटर-कूलरचा संबंध नव्हता, पण शुद्ध केलेलं पाणी आणि जंतुविरहित पाणी यांत किती अंतर असतं ते यावरून दिसतं.

नळाला लावायच्या फिल्टरवर मुदत छापलेली असते. ज्या दिवशी लावला ती तारीख मार्करने त्यावरच लिहा. भरताना नळीचं टोक बेसिनला किंवा जमिनीला टेकवू नका. या दोन गोष्टींना खर्च काहीच नाही आणि सर्वांत जास्त हलगर्जीपणा इथेच होतो.

दुसरा प्रश्न औषध. टाकीत हायड्रोजन पेरॉक्साइड नियमितपणे घालायचं, पाणी ठरावीक दिवसांनी पूर्ण बदलायचं आणि पेरॅसिटिक ॲसिडसारख्या तीव्र द्रावणाने अधूनमधून संपूर्ण सर्किट निर्जंतुक करायचं, अशी साधारण घडी आहे. मात्रा आणि अंतरं इथे मुद्दाम देत नाही. कंपनीने ती वेळोवेळी बदलली आहेत आणि कुठलं पुस्तक लागू आहे ते यंत्राच्या सीरियल नंबरवर ठरतं. भिंतीवर चिकटवलेली पिवळी पडलेली झेरॉक्स पाहून द्रावण करत असाल तर ती आधी फाडा. पेरॅसिटिक ॲसिड हाताळताना हातमोजे, गॉगल आणि हवेशीर जागा हवी. ओटीत दार लावून हा उद्योग करू नये.

चुका कुठे होतात ते अनुभवी बायोमेडिकल माणसाला विचारलं तर ठरलेली उत्तरं येतात. रोज वापरातलं रुग्णाचं सर्किट नीट धुतलं जातं आणि कार्डिओप्लेजियाचं, क्वचित लागणारं सर्किट तसंच राहतं. साचलेल्या पाण्यात बायोफिल्म जोमाने वाढतो. टाकी साफ होते पण बाहेरच्या नळ्या, कपलिंग आणि ब्लँकेट फेरीत घेतलेच जात नाहीत. लांबलेल्या केसनंतर रात्री दहा वाजता पाणी बदलायचं राहतं आणि रजिस्टरमध्ये टिक मात्र पडते. नळी आतून धुरकट, पिवळट दिसायला लागली की ती धुण्यात वेळ घालवू नये, बदलावी.

हे सगळं बिनचूक करूनही जंतू परत येतात, ही थ्री-टीबद्दलची सर्वांत मोठी नाराजी. स्वित्झर्लंडमध्येच वाढीव साफसफाई करूनही काही यंत्रांत कायमेरा पुन्हा उगवल्याची नोंद आहे. पेरॉक्साइड बायोफिल्मचा वरचा थर मारतं, खालचे जंतू टिकून राहतात. डीप क्लीनिंग करून गेलेल्या इंजिनिअरचं सर्टिफिकेट त्या दिवसापुरतं खरं असतं.

पाण्याच्या तपासणीबद्दलही सावध. साध्या जंतूंची मोजणी मिलिलिटरला १०० कॉलनींच्या आत असावी, असा पिण्याच्या पाण्याचा दंडक बऱ्याच ठिकाणी हीटर-कूलरलाही लावतात. देखभाल बरी चालली आहे का, एवढंच त्यावरून कळतं. कायमेराच्या कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहायला, आठ आठवड्यांपर्यंत वेळ लागतो आणि ते खोटं निगेटिव्ह येण्याचं प्रमाण इतकं आहे की निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे यंत्र स्वच्छ, असं मानता येत नाही. नमुना पेरॉक्साइड घालण्याआधी घ्या. निर्जंतुकीकरण झाल्या झाल्या घेतलेला नमुना चांगलाच येणार, त्यात कौतुक काय!

म्हणूनच खरा उपाय जागेचा. यंत्र ओटीच्या बाहेर, शेजारच्या खोलीत किंवा सेवा-कॉरिडॉरमध्ये ठेवायचं आणि भिंतीला भोक पाडून फक्त नळ्या आत आणायच्या. भोकाभोवती सील घट्ट हवं, नाहीतर ओटीतला धन दाब (बाहेरपेक्षा जास्त ठेवलेला हवेचा दाब) गळतो. ती बाहेरची खोली आयसीयूकडे किंवा रुग्णांच्या वाटेवर उघडणारी नको. नळ्या लांबल्या की दोन गोष्टी होतात: वाटेत थोडं तापमान जातं आणि बदल पोहोचायला उशीर लागतो. नळ्यांना इन्सुलेशन करा, प्राइमिंगला (सुरुवातीला नळ्या भरायला) जास्त पाणी लागेल ते धरून चला आणि पहिल्या काही केसेसमध्ये पाण्याचं तापमान यंत्राच्या आकड्यावरून न पाहता ऑक्सिजनेटरच्या तोंडाशी मोजा. रिमोट पॅनल परफ्युजनिस्टच्या (हार्ट-लंग मशीन चालवणाऱ्याच्या) हाताशी असणं सक्तीचं. नाहीतर गरम करताना कोणी बाहेर धावणार? एका भोकाचा खर्च आणि दोन दिवस ओटी बंद, एवढ्यात जो धोका जातो तो वर्षभर बाटल्या ओतून जात नाही. झ्युरिकमध्ये यंत्राभोवती वेगळी पेटी करून तिची हवा थेट एक्झॉस्टला जोडण्याचा मार्ग काढला होता. भिंत फोडता येत नसेल तिथे तो विचारात घ्यावा, पण आतली उष्णता बाहेर पडण्याची सोय नीट झाली नाही तर कॉम्प्रेसर हाय खातो.

हे होईपर्यंतची तात्पुरती मलमपट्टी: यंत्र टेबलापासून होता होईल तितकं लांब, पंख्याचा झोत रुग्णाच्या विरुद्ध दिशेला आणि शक्यतो परतीच्या हवेच्या जाळीकडे. शिवाय उपकरणांची ट्रॉली आणि झडपेचा ट्रे त्या बाजूला मांडू नये.

कंपनीची सुधारित आवृत्ती येते तिच्यात तुषार शोषून घेणारा संच जोडलेला असतो. एफडीएने २०२० मध्ये तिला मान्यता दिली. टाकीत उणे दाब राहतो, त्यामुळे फटींतून हवा बाहेर न येता आत जाते. विचार योग्य आहे, आणि जुन्या यंत्रापेक्षा हे नक्कीच बरं. फक्त तो संचही सांभाळावा लागतो, आणि जागेचा नियम त्याने रद्द होत नाही. ग्लायकोलवर चालणारे हीटर-कूलरही बाजारात आहेत. त्यांत जंतू वाढायला वाव कमी. एक मात्र ध्यानात ठेवा, हा दोष थ्री-टीत सर्वांत जास्त दिसला तरी पाण्यावर चालणारं कुठलंच यंत्र त्यातून सुटलेलं नाही. विक्रेता ‘आमच्यात हा प्रॉब्लेमच नाही’ म्हणाला तर हवा कुठून निघते ते दाखवायला सांगा.

महाराष्ट्रातल्या डॉक्टरांसाठी यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ओटीच्या बाहेर, ओपीडीत घडते. झडप बदलून दोन वर्षं झालेला रुग्ण येतो: बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरलेलं, दम, थकवा. प्लीहा वाढलेली, रक्तपेशी कमी, क्रिएटिनिन चढलेलं. नेहमीचं पाच दिवसांचं ब्लड कल्चर निगेटिव्ह. बायोप्सीत ग्रॅन्युलोमा (दाहाच्या पेशींच्या बारीक गाठी). परदेशात असे रुग्ण सारकॉइडोसिस (अशाच गाठी होणारा, जंतूंशिवायचा आजार) समजून स्टेरॉइडवर गेले. आपल्याकडे तो सरळ टीबीच्या गोळ्यांवर जाईल. सीबीनॅट ही टीबीची जनुकीय चाचणी फक्त क्षयाच्या जंतूंचा गट ओळखते. एएफबी स्मिअर (क्षयाच्या कुळातले सगळेच जंतू दाखवणारी सूक्ष्मदर्शकाची तपासणी) पॉझिटिव्ह आणि सीबीनॅट निगेटिव्ह ही जोडी दिसली आणि छातीवर टाके असतील, तर थांबा. आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइडचा कायमेरावर उपयोग नाही. रिफाम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल त्याच्याही उपचारात असतात, त्यामुळे सुरुवातीला जरा उतार पडल्यासारखं वाटून दिशाभूल होऊ शकते. मायकोबॅक्टेरियाच्या खास बाटल्यांत एकाहून जास्त ब्लड कल्चर पाठवा, ती आठ आठवडे ठेवायला प्रयोगशाळेला लेखी सांगा आणि नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्याचा पडदा तपासून घ्या; तिथले डाग कधीकधी निदानाच्या आधी दिसतात. उपचारात क्लॅरिथ्रोमायसिन किंवा ॲझिथ्रोमायसिन, अमिकॅसिन वगैरे महिनोन्‌महिने, आणि बहुतेकदा बसवलेली झडप किंवा ग्राफ्ट पुन्हा बदलणं.

प्रमाणाचं भान राहावं म्हणून एवढंच: हृदय शस्त्रक्रियेनंतरचे बहुतेक संसर्ग या यंत्राचे नसतात. छातीच्या हाडाची जखम, व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया, सेंट्रल लाइन, लघवीची नळी हे रोजचे मानकरी. तिथे वस्तऱ्याऐवजी क्लिपर, चीर देण्याआधी ६० मिनिटांच्या आत सेफाझोलिन हे प्रतिजैविक, साखर १८० च्या खाली आणि लाइन लवकर काढणं यांनी जास्त जीव वाचतात. ते जमलेलं नसताना नवा हीटर-कूलर घेणं म्हणजे पायाला जखम नि पट्टी डोक्याला.

जुनं, रिफर्बिश्ड थ्री-टी स्वस्तात मिळतंय म्हणून घेणार असाल तर सीरियल नंबरवरून बनावटीचा महिना कंपनीकडून लेखी मागवा. विक्रेत्याच्या स्टिकरवर विसंबू नका. आतल्या नळ्या कधी बदलल्या, तुषार शोषणारा संच बसवला आहे का, आधीच्या रुग्णालयातले पाण्याचे रिपोर्ट कुठे आहेत, हे विचारा. रिपोर्ट नाहीत असं उत्तर आलं तर सौदा तिथेच सोडा. आणि यंत्र नवं असो की जुनं, प्रत्येक केसच्या परफ्युजन शीटवर त्याचा सीरियल नंबर लिहायला सुरुवात करा. ही शीट किमान सहा-सात वर्षं जपून ठेवा, कारण रुग्ण ताप घेऊन परतायला तेवढाही काळ जाऊ शकतो.